'प्रेस्बितेर'ला मराठीत काय म्हणाल?

गास्तों लेरू या फ्रेंच लेखकाची 'पिवळ्या खोलीचं रहस्य' (१९०७) ही कादंबरी घरी रोज थोडी वाचून दाखवतोय, जमेल तसं मराठी करत करत. आतून कडी लावलेली खोली, आत बाई रक्तबंबाळ आणि मारणारा गायब, हे सगळं मराठीत झकास उतरतं. अडलोय एका वाक्यावर. रूल्ताबीय हा अठरा वर्षांचा बातमीदार, त्याला ग्लांदिएच्या वाड्यात घुसायचंय, त्या बाईचा होणारा नवरा दार्झाक काही आत घेत नाहीये, तर हा पोरगा सहज बोलल्यासारखं म्हणतो की 'प्रेस्बितेर'चा 'शार्म' (मोहिनी) गेलेला नाही आणि बागेचा 'एक्ला'ही (झळाळी) नाही. दार्झाक पांढराफटक! आणि फाटक उघडतं. प्रेस्बितेर म्हणजे चर्चच्या पाद्र्याचं राहतं घर. मराठीत काय करू?

— धर्मगुरू-निवास?

— नको हो, विश्रामगृहाची पाटी वाटते. त्यात चौकीदार पण दिसायला लागतो.

— पाळकगृह कसं वाटतं? आमच्याकडे तोच शब्द आहे.

— पाळक प्रोटेस्टंटांचे. फ्रान्समधलं प्रेस्बितेर म्हटलं की कॅथलिक क्युरे, म्हणजे गावचा धर्मगुरू, डोळ्यांपुढे येतो. मी वसईचा, आम्ही सरळ फादर म्हणतो, पण तुमच्या गोष्टीत फादर आला की मला आमच्याच चर्चची घंटा ऐकू येणार. पाद्री घ्या, पोर्तुगीजातून आलाय, जुना आहे, कथेच्या काळाला शोभतो.

— पाद्री ठीक पण 'पाद्र्याचं घर' जरा तुसडं लागतं कानाला. पाद्रीबाबा करा. आणि शार्मला 'मोहकता' वगैरे अजिबात नको, ते साडीच्या जाहिरातीत.

मूळ प्रश्नवाला परत आलोय. पाद्रीबाबा आवडलं. शार्मसाठी काल भांडी घासताना 'रया' सुचला. रया आपण जातानाच वापरतो ना, 'वाड्याची रया गेली' असं, नुसती 'छान रया आहे' कोणी म्हणत नाही, आणि इथे मूळ वाक्यही गेलं नाही असंच सांगतंय. म्हणून: 'पाद्रीबाबांच्या घराची रया गेली नाही, ना बागेचा बहर ओसरला.' वाक्य निरुपद्रवीच वाटलं पाहिजे, नाहीतर दार्झाक का घाबरला हा प्रश्नच वाचणाऱ्याला पडणार नाही. (कुठलं घर ते सांगत नाही, पुढे कळतं.)

— मस्त! पण ब्रूनो पोदालिदेसचा २००३चा सिनेमा, ज्यात त्याचाच भाऊ दनी रूल्ताबीय झालाय, त्याला सबटायटल करायचं तर हे लांब पडेल. 'बाबांच्या' उडवा.

— उडवलं की परत तुसडं होतं.

— त्याच पुस्तकात खानावळवाला दार अडवून उभा असतो तेव्हा रूल्ताबीय म्हणतो 'आता सेन्याँ खावं लागणार', आणि तो गप आत घेतो. सेन्याँ म्हणजे बाहेरून भाजलेलं, आत लालभडक मांस, शब्दशः रक्त गळणारं. याचं काय करणार?

'रक्ताळलेलं' केलं तर भुताची गोष्ट होते आणि 'कच्चं' केलं तर शिजवायचंच राहिलं असं वाटतं. मी 'लाल मटण' म्हणून बघितलं, तर सासूबाई कोल्हापूरच्या, म्हणाल्या तांबड्या रश्शाला कोण घाबरतं?