शब्दचर्चा : रद्द, रद्दबातल, तहकूब, निरसित, विखंडित

प्रश्न (अमळनेर तालुका) :
आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर ‘गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब करण्यात आली आहे’ अशी सूचना लागली होती. गावात मात्र ‘सभा रद व्हयनी’ असेच एकाने दुसऱ्याला सांगितले. रद्द, तहकूब, स्थगित, मागे घेणे, निरसन या शब्दांत खरोखर फरक आहे, की कार्यालयीन लेखनाची ती केवळ सवय आहे?

उत्तर (धुळे) :
फरक आहे, आणि आपण दिलेल्या उदाहरणात तर तो गावाला महागात पडू शकतो. सभा रद्द झाली म्हणजे ती संपली. पुन्हा घ्यायची असेल तर नव्याने सूचना काढावी लागते. तहकूब सभा संपलेली नसते, तीच सभा पुढच्या वेळी चालू राहते. शिवाय तहकूब ग्रामसभेला गणपूर्तीची, म्हणजे किमान उपस्थितीची, अट राहत नाही. म्हणजे ‘रद्द झाली’ असे ऐकून घरी बसलेल्या माणसाच्या अनुपस्थितीत, मोजक्या लोकांसमोर, त्याच विषयपत्रिकेवरचे ठराव रीतसर संमत होऊ शकतात. म्हणून फलकावरचा तो शब्द गावात सांगताना बदलू नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

‘रद्द’ हा मूळचा अरबी शब्द असून परतवणे, नाकारणे असा त्याचा अर्थ आहे. ‘रद्दी’ त्याच कुळातली. ‘बातल’ म्हणजे पोकळ, ज्याला कायद्याने अस्तित्वच नाही असे. बोलताना आपण ‘रद्दबातल’ हा जोडशब्द केवळ जोर देण्यासाठी वापरतो, पण न्यायालयीन मराठीत ‘रद्द केले’ आणि ‘रद्दबातल ठरवले’ यांतले अंतर जपण्यासारखे आहे. एखादा परवाना आजपासून रद्द होतो, तेव्हा कालपर्यंत त्यावर केलेला धंदा वैध राहतो. एखादा दस्त मुळातच बातल ठरतो, तेव्हा त्याच्या आधाराने झालेले व्यवहारही डळमळतात. ‘रद्द करणे’ ही कृती आहे, तर ‘ठरवणे’ हा निष्कर्ष आहे, आणि तो मागच्या तारखेपर्यंत पोहोचू शकतो.

दुसरी गोष्ट कर्त्याची. ज्याने दिले त्यानेच परत घेतले तर ‘मागे घेणे’ हा नेमका शब्द होय. उमेदवार आपला अर्ज मागे घेतो. तोच अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने छाननीत नाकारला तर तो ‘अवैध’ ठरतो. वर्तमानपत्रे त्याला ‘बाद’ म्हणतात, आणि तो शब्द मला आवडतो, कारण तो लहान आहे आणि कोणाचाही गैरसमज करत नाही. मात्र ‘अर्ज रद्द’ असा मथळा वाचून उमेदवाराने माघार घेतली की त्याला बाहेर काढले, हे कळत नाही.

हे सर्व अर्थ एकाच विषयात पाहायचे असतील तर केंद्राच्या तीन कृषी कायद्यांकडे पाहावे. 12 जानेवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. कायदे जिवंत होते, फक्त थांबले होते. 19 नोव्हेंबर 2021 रोजी पंतप्रधानांनी ते मागे घेण्याची घोषणा केली; ती राजकीय माघार होती, आणि घोषणेने कायदा जात नाही. 29 नोव्हेंबरला संसदेने विधेयक संमत केले, तेव्हा कुठे ‘निरसन’, म्हणजे कायदा कायद्यानेच काढून टाकणे, या शब्दाला जागा मिळाली. आपल्याकडच्या कापूस उत्पादकांच्या बैठकांतून या तिन्ही टप्प्यांना सरसकट ‘कायदे रद्द झाले’ असेच म्हटले जात होते.

निरसनाच्या कलमाचे शीर्षक मराठी अधिनियमांत बहुधा ‘निरसन व व्यावृत्ती’ असे असते. व्यावृत्ती म्हणजे राखून ठेवणे : जुना कायदा गेला तरी त्याखाली झालेल्या नेमणुका, दिलेले परवाने, चालू असलेले खटले यांचे काय, हे तिथे सांगितलेले असते. वाचक बहुधा ‘निरसन’ वाचून थांबतात, पण त्यांच्या कामाची गोष्ट पुढच्या शब्दात असते.

पुरवणी (रावेर) :
आमच्याकडे एक वेगळीच सरमिसळ होते. सीमेपलीकडे बुऱ्हाणपूरला हिंदीत ‘आवेदन निरस्त’ असे लिहितात, आणि ये-जा असलेल्या लोकांच्या मराठीत ‘अर्ज निरस्त झाला’ शिरते. संस्कृत असल्यामुळे ते शुद्ध मराठी वाटते, पण मराठी कार्यालयात अर्ज ‘नामंजूर’ होतो किंवा ‘फेटाळला’ जातो. मराठीत अर्जाचे निरसन होत नाही. ते कायद्याचे होते, किंवा शंकेचे.

पुरवणी (शहादा) :
महसुलाकडे तर ‘रद्द’ पेक्षा ‘कमी’ हा शब्द अधिक चालतो. सोसायटीचे कर्ज फिटले की सातबाऱ्यावरचा ‘बोजा कमी’ होतो, मयत खातेदाराचे ‘नाव कमी’ होते. पूर्वी अशा नोंदीला कंस करत, म्हणून जुनी माणसे अजून ‘नावाला कंस पडला’ म्हणतात. 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलल्यापासून त्या नोंदीवर आडवी रेघ मारलेली दिसते. नाव खोडलेले असले तरी वाचता येते, आणि ते कोणत्या फेरफाराने कमी झाले हेही पाहता येते. इथे ‘रद्द’ म्हणणे चूक ठरेल, कारण कर्ज खरे होते आणि मयताची मालकीही खरी होती. त्या नोंदींचे काम संपले, एवढेच. फेरफार ‘रद्द’ होतो तो अपिलात, प्रांताधिकाऱ्यांच्या आदेशाने. जातीच्या खोट्या प्रमाणपत्राबाबत तर कायदा ते ‘रद्द व जप्त’ करायला सांगतो, कारण हक्क गेला तरी कागद हातात राहिला तर तो दुसरीकडे दाखवता येतो.

प्रश्न (अमळनेर तालुका) :
‘विखंडित’ राहिला. महापालिकेच्या बातम्यांत हा शब्द दिसतो. तिथे ‘रद्द’ का चालत नाही?

उत्तर (धुळे) :
जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका 2003 मधल्या, त्यामुळे आपल्या भागात हा शब्द तसा नवाच. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 451 नुसार राज्य शासनाला पालिकेच्या ठरावात हस्तक्षेप करता येतो. शासनाच्या आदेशात ठराव ‘प्रथमतः निलंबित’ आणि मग ‘अंतिमतः विखंडित’ होतो. सभागृहाने स्वतःच आपला ठराव फिरवला तर त्याला विखंडित म्हणत नाहीत. म्हणजे या एका शब्दातून वरून हात पडला हे कळते, आणि म्हणूनच तो बोजड असला तरी मी तो टाकून देणार नाही. बातमीत ‘शासनाने ठराव रद्द केला’ असे लिहिण्याला माझी हरकत नाही, कारण तिथे कर्ता वाक्यातच आला. ‘ठराव रद्द’ एवढ्याच मथळ्याला मात्र आहे. वाचकाला तो नगरसेवकांनी फिरवला असे वाटेल, आणि जाब तो चुकीच्या माणसाला विचारेल.