सैन्यातून निवृत्त झालोय, मानसोपचारासाठी योग्य माणूस कसा शोधू?

रात्रपाळी:
17 वर्षं पायदळात काढली, निवृत्त होऊन 3 झाली. अजून रात्री दोनदा उठून दाराची कडी बघतो. मागच्या महिन्यात बायकोनं उठवायला खांद्याला हात लावला आणि मी झोपेतच तिचं मनगट असं धरलं की वळ उठले. आता ती दाराशी उभी राहून हाक मारते. ते ऐकून पोटात तुटतं.
एका समुपदेशकाकडे गेलो होतो. पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही कुणाला मारलंय का?" उठून आलो तो परत गेलो नाही. आता पुन्हा जायचंय. माणूस बरा आहे हे आधी कसं कळणार? आणि सगळं सांगावंच लागतं का?

जुना सिग्नलवाला:
दादा, सगळं सांगावं लागत नाही. मी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी घेतली, साधारण 12 भेटींची असते. घटनेचा तपशील न उलगडताही ती करता येते. मनात रुतलेलं वाक्य कागदावर मांडून तपासायचं. माझं होतं, "मी निरोप आधी द्यायला हवा होता." सातव्या भेटीला उमगलं, त्या क्षणी माझ्याकडे निरोपच नव्हता. मी तिथंच रडलो.
प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये मात्र घटना पुन्हा पुन्हा मोठ्यानं सांगतात. तिसरी पद्धत ईएमडीआर, त्यात आठवण मनात धरून डोळे एका लयीत इकडून तिकडे हलवायला लावतात. फोनवरच विचारा, यातली कुठली शिकलात, सैनिकांवर उपचार केलेत का? उत्तर गोलगोल आलं तर दुसरीकडे बघा. माझ्या डॉक्टरबाईंनी छावणी कधी पाहिली नव्हती, पण काम पक्कं येत होतं.

परिचारिका:
भाऊ, मी मनोविकार विभागात काम करते. झोपेसाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आपल्या मनानं घेऊ नका, सवय लागते. आधीपासून चालू असतील तर एकदम तोडूही नका, डॉक्टर हळूहळू कमी करतील. पीसीएल-5 नावाची, आघातानंतरच्या त्रासाची 20 प्रश्नांची यादी भरून न्या, म्हणजे सुरुवात तोंडानं करावी लागत नाही. जगणं नको वाटलं तर मात्र भेटीची वाट बघू नका, लगेच तातडीच्या विभागात या.

रात्रपाळी:
यादी भरली. 17वा प्रश्न सतत सावध, पहाऱ्यावर असल्यासारखं राहण्याचा आहे. बायकोनं तो वाचला आणि बराच वेळ कागद हातात धरून बसली. तीन ठिकाणी फोन केले, तिसऱ्या बाईंनी नीट उत्तरं दिली. मंगळवारी जातोय, ती सोबत येतेय.