कॅमरन स्मिथचे ४३० सामने: कसब किती, व्यवस्था किती?

रकवाला

रग्बी लीगचा विषय निघाला की दुसऱ्या मिनिटाला कॅमरन स्मिथचं नाव येतं आणि पाचव्या मिनिटाला भांडण लागतं. म्हणून त्याच्यासाठी हा वेगळा धागा. माझं म्हणणं: एनआरएलच्या (ऑस्ट्रेलियातल्या मुख्य रग्बी लीग स्पर्धेच्या) काळातला सर्वांत मोठा खेळाडू तोच. तेही ताकद किंवा वेगाच्या जोरावर नाही. या दोन्ही बाबतींत तो चारचौघांसारखाच होता.

आकड्यांवर वाद नको म्हणून ते आधीच देतो. २००२ ते २०२०, मेलबर्न स्टॉर्म या एकाच क्लबकडून ४३० सामने. ४०० चा टप्पा गाठणारा पहिला खेळाडू. २,७८६ गुण, त्यात ४८ ट्राय (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं, ४ गुण), १,२९५ गोल (किक, २ गुण) आणि ४ फील्ड गोल (चालू खेळातली किक, १ गुण). क्वीन्सलँडकडून स्टेट ऑफ ओरिजिनचे (न्यू साउथ वेल्सविरुद्धची दरवर्षीची मालिका) ४२ सामने, ऑस्ट्रेलियाकडून ५६ कसोटी. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक दोनदा, २००६ आणि २०१७. मधलं अंतर अकरा वर्षांचं आहे, तेवढ्यात बहुतेकांची अख्खी कारकीर्द संपते.

आपल्याकडे रग्बी म्हणजे युनियन नाहीतर सेव्हन्स, म्हणून नवीन मंडळींसाठी थोडक्यात. लीगमध्ये एका बाजूला तेरा जण असतात आणि आक्रमणाला सहा टॅकल मिळतात. पकडला गेलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे सरकवतो. याला प्ले-द-बॉल म्हणतात, आणि त्या जागेला रक. मागे उभा असलेला डमी हाफ तो चेंडू उचलतो. समोर बचावाचे जास्तीत जास्त दोन मार्कर उभे राहू शकतात, बाकी सगळ्यांनी १० मीटर मागे जायचं. डमी हाफचं काम मुख्यतः हुकर करतो, आणि स्मिथ हुकर होता. म्हणजे जवळजवळ प्रत्येक टॅकलनंतरचा पहिला निर्णय त्याचा.

आता तो करायचा काय ते बघा. साधा हुकर चेंडू उचलतो आणि उभ्या जागेवरून पास देतो. स्मिथ उचलताना दोन पावलं तिरका बाहेर निघायचा. रकला लागून उभा असलेला पहिला बचावपटू त्याच्यासाठी थबकला, की आतून धावत येणाऱ्या प्रॉपला (पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू) छातीच्या उंचीवर आखूड पास. तो थबकला नाही आणि बाहेर सरकला, तर स्मिथ स्वतः त्या फटीतून. मार्कर सरळ उभा न राहता बाजूला लोंबकळत असेल, तर मुद्दाम त्याच्याच अंगावर जाऊन पेनल्टी. समोरचा फुलबॅक (सर्वांत मागचा बचावपटू) जागा सोडून पुढे आला असेल, तर रकच्या मागून जमिनीलगत घरंगळणारी ग्रबर किक आणि तिच्यामागे स्टॉर्मचा फुलबॅक बिली स्लेटर सुसाट. चारही पर्याय चेंडू हातात यायच्या आधी डोक्यात तयार असावे लागतात. चेंडू उचलल्यावर विचार करणारा हुकर तिथेच आडवा होतो.

घोटापकड

डमी हाफचं वर्णन मस्त. पण एवढ्या मोठ्या लेखात 'रेसल' (टॅकलमधली कुस्ती) हा शब्द एकदाही येऊ नये? स्टॉर्मचा अर्धा खेळ तोच होता की.

तीन जणांचा टॅकल कसा व्हायचा? पहिला छातीवर धडकून चेंडूसकट मिठी मारणार, म्हणजे पास सुटत नाही. दुसरा वरून खांदे फिरवणार. तिसरा पाय धरणार. सगळा खटाटोप समोरच्याला पाठीवर पाडण्यासाठी. पोटावर पडलेला माणूस हात टेकून लगेच उठतो, पाठीवर पडलेल्याला आधी कूस बदलावी लागते. तिथे अर्धा सेकंद मिळतो. बचावाची रांग सेकंदाला सहा मीटरने धावते असं धरलं, तर अर्ध्या सेकंदात तीन मीटर. पुढचा प्रॉप वेग पकडायच्या आतच त्याच्यासमोर भिंत उभी.

हे तंत्र लीगमध्ये पद्धतशीर रुजवण्यात स्टॉर्म सर्वांत पुढे होता, आणि स्मिथ त्यातला उस्ताद. २००८ मध्ये ब्रिस्बेनविरुद्धच्या उपांत्य टप्प्यातल्या सामन्यात सॅम थायडेवर ग्रॅपल टॅकल (मानेला विळखा घालणारा) केला म्हणून त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. त्यातला दुसरा सामना ग्रँड फायनल, म्हणजे विजेतेपदाचा. स्टॉर्म ती मॅन्लीकडून ४०–० ने हरला.

शिवाय मोठा हत्ती तर खोलीत तसाच उभा आहे. २२ एप्रिल २०१० ला उघड झालं की क्लबने हिशेबाच्या दोन वह्या ठेवून वेतनमर्यादा वर्षानुवर्षं मोडली होती. २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतली आणि २०१० चा अख्खा हंगाम शून्य गुणांवर खेळायला लावला. स्मिथ, स्लेटर, इंग्लिस, क्रॉन्क असे तारे एकाच संघात टिकले ते कशाच्या जोरावर, हा प्रश्न विचारायचा नाही का?

रकवाला

जरूर विचारा. शिक्षा क्लबला झाली, खेळाडूंपैकी कुणावर बंदी आली नाही. त्या दोन वर्षांची विजेतेपदं मी मोजतही नाही. पुढचं बघा. २०१० नंतर ग्रेग इंग्लिस साउथ सिडनीला गेला, आणखीही काही जण पांगले. तरी २०१२ ला बुलडॉग्जविरुद्ध १४–४, २०१७ ला काउबॉइजविरुद्ध ३४–६ आणि २०२० ला पेनरिथविरुद्ध २६–२०. तीन विजेतेपदं, तिन्ही मर्यादेत राहून, पहिल्या आणि शेवटच्यात आठ वर्षांचं अंतर.

रेसलबद्दल: २००८ चा टॅकल चूकच होता आणि त्याची किंमत संघाने मोजली. पण २०१० पर्यंत रेसल सगळेच क्लब शिकले होते. मग स्टॉर्मचाच चांगला का? कारण पाडणं अर्धं काम आहे, उरलेलं अर्धं सुटण्याचं. पायाला धरणारा आधी सुटला पाहिजे, वरचे दोघे नंतर उठून मार्कर होतात. हा क्रम चुकला की एकतर पेनल्टी, नाहीतर मार्करच्या जागी कुणीच नाही. मधल्या पट्ट्यातल्या टॅकलमध्ये स्मिथ बहुतेकदा हजर असायचाच, आणि कोण कधी सुटणार हे तो ओरडून सांगायचा.

चाळीस_वीस

कबड्डी बघणाऱ्यांना हे लगेच कळेल. कोपरारक्षकाने घोटा धरला की मध्यरक्षक कंबरेला येतो, आणि दोघांची वेळ जुळली नाही तर चढाईपटू रेषेला हात लावून मोकळा. फरक एवढाच, की कबड्डीत पकड सोडायची नसते आणि इथे वेळेवर सोडण्यातच कसब आहे.

तरीही मुद्द्यावर मी घोटापकड यांच्या बाजूने. स्मिथ २०२० नंतर गेला. २०२१ मध्ये हॅरी ग्रँट आणि ब्रँडन स्मिथ असे दोन हुकर आलटून-पालटून वापरून याच स्टॉर्मने सलग १९ सामने जिंकले, १९७५ च्या ईस्टर्न सबर्ब्जच्या विक्रमाची बरोबरी केली आणि साखळीत पहिला क्रमांक पटकावला. प्रशिक्षक तोच, क्रेग बेलामी. इतका 'अपरिहार्य' माणूस गेला आणि गाडी अडली नाही. मग गाडी कोण चालवत होतं?

रकवाला

आणि त्या १९ विजयांनंतर प्रीलिमिनरी फायनलला (ग्रँड फायनलच्या आधीच्या सामन्यात) पेनरिथने १०–६ ने घरी पाठवलं. साखळीत वेगवान दोन हुकर चालून जातात. दहा गुणांच्या आत अडकलेल्या सामन्यात शेवटची वीस मिनिटं कुणाच्या हातात द्यायची, हा वेगळा प्रश्न आहे.

बेलामीचा हात नसलेलं उदाहरण हवं तर ओरिजिन घ्या. क्वीन्सलँडने २००६ ते २०१७ या बारा वर्षांत अकरा मालिका जिंकल्या, फक्त २०१४ हुकलं. २०१८ ची मालिका सुरू व्हायच्या आधी स्मिथने प्रतिनिधिक लीगमधून निवृत्ती घेतली. न्यू साउथ वेल्सने २०१८ जिंकली आणि २०१९ सुद्धा.

घोटापकड

अहो, २०१८ ला क्वीन्सलँडकडे जॉनथन थर्स्टन आणि क्रॉन्कसुद्धा नव्हते. एकाच वेळी तीन खांब काढले आणि छप्पर पडल्याचं श्रेय एकट्या खांबाला? थर्स्टनकडे चार डॅली एम आहेत, स्मिथच्या दुप्पट. शिवाय २०१५ च्या ग्रँड फायनलचा गोल्डन पॉइंटमधला (बरोबरीनंतर पहिला गुण करणारा जिंकतो) फील्ड गोल, १७–१६.

लूज_फॉरवर्ड

थर्स्टन विरुद्ध स्मिथ हा वाद वर्षभर चालेल, तो बाजूला ठेवा. मला ४३० या आकड्याबद्दल लिहायचंय, कारण लोक त्याला 'नशीब, दुखापत झाली नाही' म्हणून उडवतात.

हुकर मैदानाच्या मध्यावर बचाव करतो. तिथे ११० किलोचे प्रॉप सरळ अंगावर येतात आणि सामन्याला चाळीसेक टॅकल ठरलेलेच. वर आक्रमणात प्रत्येक रकला वाकून चेंडू उचलायचा. अनेक संघ हुकरला मध्ये विश्रांती देतात. स्मिथ बहुतेक वेळा पूर्ण ८० मिनिटं मैदानावर असायचा.

हे जमलं कसं? एक तर तो एकट्याने समोरासमोर धडक क्वचित घ्यायचा. बाजूने दुसरा किंवा तिसरा म्हणून यायचा, कमरेखाली किंवा चेंडूवर, म्हणजे डोकं समोरच्याच्या गुडघ्याच्या किंवा नितंबाच्या रेषेत सापडत नाही. मेंदूला मार बसतो तो अनेकदा टॅकल करणाऱ्याचं डोकं चुकीच्या बाजूला गेल्यामुळे. तरुण हुकर नेमके इथे मार खातात. दुसरं, डमी हाफवरून तो उगाच पळायचा नाही. चाळीस मीटर पळून टॅकल झाला तर पुढच्या रकला डमी हाफवर कोण उभं राहणार? कधी पळायचं नाही, हे कळणंही कसबच आहे.

यात बदली खेळाडूंचा नियम जोडा. अदलाबदलीची संख्या २००८ मध्ये बारावरून दहावर आली, २०१६ मध्ये आठवर. म्हणजे मोठे फॉरवर्ड अधिक वेळ मैदानावर आणि अधिक दमलेले. ८० मिनिटं टिकणाऱ्या हुकरची किंमत आपोआप वाढली. तेव्हा नियमांचा फायदा झाला हे खरंच, पण तो घ्यायला फुप्फुसं स्वतःचीच लागतात.

चाळीस_वीस

हे पटलं. पण रेफरींचं काय? २००९ पासून २०२० पर्यंत मैदानात दोन रेफरी होते, आणि कर्णधार म्हणून स्मिथला त्यांच्याशी बोलायचा अधिकार. तो त्याचा वापर दम खायला करायचा. सलग दोन सेट (सहा-सहा टॅकलचे) बचाव झाला, पोरं धापा टाकतायत, की साहेब शांतपणे रेफरीकडे चालत निघाले. वीस सेकंद गप्पा. २०१८ च्या मार्चमध्ये क्रोनुलाविरुद्ध एकाच सामन्यात ३३ पेनल्टी झाल्या, आणि त्यात वाद घातल्याबद्दल स्मिथला सिन-बिन, म्हणजे दहा मिनिटं मैदानाबाहेर. तेव्हा कुठे कुणीतरी त्याला 'पुरे' म्हटलं.

घोटापकड

अगदी. आणि मे २०२० पासून रकमधल्या चुकांना पेनल्टीऐवजी 'सिक्स अगेन' आलं, म्हणजे खेळ न थांबता नवे सहा टॅकल. त्यामुळे दम खायची ती सोयही गेली.

रकवाला

...आणि त्याच वर्षी, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याने विजेतेपद जिंकलं. तुमचा सिद्धान्त खरा असता तर थांबलेल्या, किचकट खेळावर जगणारा माणूस नव्या वेगात उघडा पडायला हवा होता.

खरं तर सिक्स अगेनने उलटच झालं. पहिल्या टॅकलवर रक मुद्दाम संथ केला, तर शिक्षा म्हणून समोरच्याला जास्त मिळून मिळून एक टॅकल मिळतो. ही फट सगळ्यांना दिसली, म्हणून तर २०२२ पासून आक्रमक संघ स्वतःच्या ४० मीटरच्या आत असताना पुन्हा पेनल्टी आणावी लागली. संथ करणं नव्या नियमातही होतंच, फक्त हिशेब बदलला.

घोटापकड

बरं, एक शेवटचं. २,७८६ गुण म्हणून मिरवता. त्यातले १,२९५ गोल म्हणजे २,५९० गुण, शंभरातले त्र्याण्णव. ट्राय दुसऱ्याने करायची आणि किक याने मारायची. हझेम एल मझरीचा २,४१८ चा विक्रम मोडला खरा, पण हा किकरचा विक्रम आहे, हुकरचा नाही.

लूज_फॉरवर्ड

चाळीस टॅकल करून, धाप लागलेली असताना टचलाइनवरून गोल मारणं आणि विंगवर ताजंतवानं उभं राहून येऊन मारणं यात फरक आहे. एल मझरी विंगर होता.

रकवाला

शिवाय कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक) सोडा, पेनल्टी गोल कधी घ्यायचा हा कर्णधाराचा निर्णय आहे आणि तिथे स्मिथ निर्दय होता. ट्राय चार आणि कन्व्हर्जन दोन, म्हणजे समोरचा एका फटक्यात सहा गुण करू शकतो. आघाडी सहाची असेल आणि समोर पेनल्टी मिळाली, तर प्रेक्षक 'ट्राय, ट्राय' ओरडत असताना हा किकसाठी टी (चेंडू ठेवायचा स्टँड) मागवायचा. आघाडी आठ, म्हणजे समोरच्याला आता दोनदा गुण करावे लागणार.

२०२० ची ग्रँड फायनल काढा, त्याचा शेवटचा सामना. हाफटाइमला २२–०: तीन ट्राय, तिन्ही कन्व्हर्ट, आणि दोन पेनल्टी गोल. त्यातली एक ट्राय स्मिथचीच. तेव्हा ते चार गुण कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. दुसऱ्या अर्धात पेनरिथ उसळून आला आणि शेवट झाला २६–२० वर. दोन्ही संघांच्या ट्राय मोजून बघा: चार आणि चार. गोल: स्मिथचे पाच, पेनरिथचे दोन.