मदत हवी आहे: पाचगणीच्या जुन्या बंगल्यातला चिमणीचा स्टील लायनर – काजळी, बारीक भोकं आणि हॉलमध्ये परतणारा धूर

माळावरचे घर (धागाकर्ता)

पाचगणीत जांभ्या दगडाचा जुना बंगला आहे, वर मंगलोरी कौलं. हॉलमध्ये फायरप्लेस आहे. दगडी धुराड्याच्या सांध्यांतून धूर माळ्यावर यायचा म्हणून काही वर्षांपूर्वी त्यात स्टेनलेस स्टीलचा लवचिक लायनर, म्हणजे धूर नेणारी आतली नळी, सोडून घेतला. बिलावर फक्त ‘३०४, ८ इंची, सिंगल’ (म्हणजे स्टीलची प्रत, व्यास आणि एकपदरी) असं लिहिलंय.

तक्रारी अशा: जाळ चांगला पेटला तरी धूर मधूनमधून हॉलमध्ये परततो. पावसाळ्यात खाली तपकिरी, कुबट वासाचं पाणी ठिबकतं. आणि आता वरच्या टोकाला गंजासारखे ठिपके पडलेत, त्यांतल्या दोन ठिकाणी सुईच्या टोकाएवढी आरपार भोकं आहेत. आतली काजळी वर भुसभुशीत आहे, पण मधल्या भागात डांबरासारखी चकचकीत.

साफसफाई दरवर्षी दिवाळीनंतर होते, लोखंडी तारेच्या ब्रशने. गेल्या वेळी साफ करणाऱ्याने वरचा भाग टॉयलेट क्लीनर लावून धुतला. आता प्रश्न असा की साफ नेमका कसा करायचा, भोकं एम-सीलने किंवा आर्गन वेल्डिंगने बुजवता येतील का, की लायनर बदलायलाच हवा?

बॉयलरवाला कराड

आधी जाळ बंद करा. आरपार भोकं दिसताहेत तोवर एक काडीही पेटवू नका. धूर निदान दिसतो तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. तो भोकांतून जुन्या धुराड्यात आणि तिथल्या उघड्या सांध्यांतून माळ्यावर जाईल. वर कुणी झोपत असेल तर जास्तच धोका.

बाकीचं सांगण्याआधी मापं हवीत. फायरप्लेसच्या तोंडाची रुंदी आणि उंची, दगडी धुराड्याचा आतला चौकोन, चुलाणापासून टोकापर्यंतची उंची, आणि चिमणी कौलांच्या वर किती निघते. लायनरभोवती काही गुंडाळलंय की नुसताच सोडलाय, तेही बघा.

माळावरचे घर

तोंड ३६ इंच रुंद, २८ इंच उंच. धुराडं आतून १२ × १२ इंच, दिसतं तरी सरळ. एकूण उंची २२ फूट. चिमणी मुंढाऱ्यापासून (छपराच्या सर्वांत उंच रेषेपासून) जेमतेम तीन फूट लांब आहे आणि मुंढाऱ्याच्या वर साधारण अडीच फूट निघते. लायनरभोवती काही नाही, नुसताच लोंबतोय. वर मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आणि छोटी टोपी आहे.

बॉयलरवाला कराड

धूर परतण्याचं कारण तुमच्या मापातच आहे. काजळी काढून ते जाणार नाही.

उघड्या फायरप्लेसला साधा हिशोब असा: गोल नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या निदान बाराव्या हिश्श्याइतकं हवं. तुमचं तोंड ३६ × २८ म्हणजे १००८ चौरस इंच. त्याचा बारावा हिस्सा ८४. आठ इंची नळीचं क्षेत्रफळ भरतं फक्त ५०. जुनं १२ × १२ चं धुराडं १४४ चौरस इंचांचं होतं, त्यात धूर खुशाल वर जायचा. लायनर टाकणाऱ्याने तोंड न मोजता बाजारात मिळाली ती नळी सोडली. असं फार ठिकाणी होतं.

दहा इंची नळी ७८ चौरस इंचांची. ती घालून तोंडाची उंची दोन इंच कमी केली, म्हणजे ३६ × २६, की हिशोब बसतो. आठ इंचीच ठेवायची तर तोंड ६०० चौरस इंचांपर्यंत आणावं लागेल, म्हणजे साधारण ३० × २०. बाजूंनी फायर ब्रिकचा एकेक थर आणि खालून चुलाण उचललं की तेही होतं, फक्त फायरप्लेस चेपल्यासारखी दिसते. तिसरा पर्याय म्हणजे लाकूड जाळायची, दार असलेली बंद शेगडी आत बसवणं; तिला सहा ते आठ इंच पुरतात आणि लाकूडही कमी लागतं.

चिमणीची उंची ठीक आहे. नियम असा की कौलांतून बाहेर पडते तिथून तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही दोन फूट वर.

कृष्णाकाठ

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे वाईला बंबाच्या नळीत जाळावर मूठभर मीठ टाकतात, काजळी आपोआप झडते. नाहीतर एकदा भरपूर वाळकं लाकूड घालून मोठा जाळ करा, सगळं जळून जाईल.

धुराडेदुरुस्ती

कृष्णाकाठ, दोन्ही इथे करू नका. मीठ म्हणजे क्लोराइड. जाळात पडलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, आणि स्टेनलेसला भोकं पाडणारा तोच तर मुख्य शत्रू. बंबाची नळी पत्र्याची, स्वस्तातली, दर दोन-तीन वर्षांनी बदलली तरी चालते. २२ फुटी लायनरचं तसं नाही. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुधा हेच आम्ल असतं.

आणि काजळी जाळून टाकायची म्हणजे चिमणीत मुद्दाम आग लावायची. तो चकचकीत थर म्हणजे क्रिओसोट, लाकडाच्या धुरातलं घट्ट झालेलं डांबर. एकदा पेटला की उष्णता १००० अंशांच्या आसपास जाते, पातळ लायनर वाकडा होतो आणि धुराड्याला टेकलेले वासे-रिपा पेट घेतात. जुन्या बंगल्यांत सागवानी वासा सरळ चिमणीच्या दगडात घातलेला असतो, हे माळ्यावर जाऊन एकदा बघाच.

आता गंजाबद्दल. लोखंडी तारेच्या ब्रशचे बारीक कण स्टेनलेसच्या अंगात रुतून बसतात आणि गंजतात, ते तपकिरी ठिपके. तेवढंच असतं तर वरवरचं होतं. पण काजळी ओली झाली की आम्लधर्मी होते. महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, पाचगणीला त्याहून पुष्कळ कमी, तरी धुकं आणि ओल चार महिने हटत नाही. दिवाळीनंतर साफ करता म्हणजे हिवाळ्यात साठलेली काजळी अख्खा पावसाळा स्टीलला चिकटून भिजत राहते. साफसफाई मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी व्हायला हवी. दिवाळीनंतर फक्त कोळिष्टकं आणि पक्ष्यांची घरटी बघायची.

माळावरचे घर

मग टपकणारं पाणी टोपीतून येतं की कुठून? आणि भोकं बुजवण्याचं काय?

धुराडेदुरुस्ती

पाण्याचा उगम शोधायला कोरड्या दिवशी एकाने वर जाऊन चिमणी आणि कौलांच्या सांध्यावर, पत्र्याच्या फ्लॅशिंगजवळ, बादलीभर पाणी हळूहळू सोडायचं आणि दुसऱ्याने खालून टॉर्च मारून बघायचं. लायनरच्या बाहेरच्या अंगाने ओघळ आला तर दोष फ्लॅशिंगचा किंवा दगडाच्या दरजांचा. नंतर टोपीवर पाणी मारा; नळीच्या आतून आलं तर दोष टोपीचा. तपकिरी रंगावरून मला बाहेरच्या ओघळाचा संशय जास्त. लायनर टाकताना जुनं धुराडं बहुतेक झाडलंच नव्हतं, ती जुनी काजळी धुऊन येतेय.

दरजा भरायच्या तर चुन्याने भरा, एकास तीन वाळू. जांभ्यावर सिमेंटचं प्लास्टर मारलं की ओल आत कोंडते आणि दगड भुगा होऊन सुटतो.

भोकांचं सरळ सांगतो: एम-सील चिमणीच्या उष्णतेला टिकत नाही. साधं सिलिकॉनही नाही. उष्णतेचं लाल सिलिकॉन फक्त वरच्या पट्टीखाली (जिला लायनर टांगतात तिच्या) चालतं, धुराच्या वाटेत नाही. आर्गन वेल्डिंग म्हणाल तर लवचिक लायनरचा पत्रा दहा-पंधरा शतांश मिलिमीटर जाडीचा. वेल्डर एक भोक बुजवायला जाईल आणि रुपयाएवढं पाडेल. वरचं टोक नुसतं चेपलं किंवा कापलं गेलं असतं तर तेवढं कापून निभावलं असतं. पण ही आम्लाने आतून पोखरलेली भोकं आहेत. दोन दिसली म्हणजे जिथे काजळी चिकटलेली आहे तिथे आणखी होऊ घातलेली असणार. मोबाइलला जोडायचा १० मीटर वायरचा कॅमेरा मिळतो, तो सोडून खात्री करा. त्यात नळीचं मापही चुकलेलं. त्यामुळे या लायनरच्या दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नका.

माळावरचे घर

पटलं. बदलतो. काढण्याआधी साफ करावा लागेल का? आणि नवीन कुठला घेऊ?

धुराडेदुरुस्ती

साफ करावाच लागेल, नाहीतर ओढून काढताना सगळी काजळी हॉलमध्ये येईल. पद्धत नव्या लायनरलाही हीच, म्हणून नीट लिहितो.

फायरप्लेसचं तोंड जाड प्लास्टिकने झाकून कडेने चिकटपट्टी मारा, डँपर (धुराची वाट उघडी-बंद करायची झडप) असेल तर पूर्ण उघडा ठेवा. ब्रश नायलॉनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा, नळीच्या मापाचाच. काठ्या आट्यांच्या असतात, त्या कायम उजवीकडेच फिरवायच्या. डावीकडे फिरवली की आटे सुटतात आणि ब्रश मध्येच अडकून बसतो. वरून एकेक काठी जोडत ब्रश खालपर्यंत न्यायचा. मध्येच उलटा ओढायचा नाही, लवचिक लायनरच्या घड्या फाटतात. तीन-चार फेऱ्या, मग अर्धा तास धूळ बसू द्यायची, मग तोंड उघडून काजळी झाकणाच्या लोखंडी डब्यात भरायची. कौलांवर पाय देऊ नका. मुंढाऱ्याला आकडा लावून शिडी आडवी टाकायची आणि कमरेला दोर बांधायचा.

चकचकीत थर ब्रशने निघणार नाही. चांगल्या लायनरमध्ये तो ठिसूळ करायची पावडर मिळते, घेताना क्लोराइड नसलेली बघून घ्यायची. पण तिला दोन-चार जाळ लागतात आणि तुमच्याकडे जाळ बंद आहे, म्हणून ते सोडा. साखळ्यांचा फिरता ब्रश लवचिक लायनरमध्ये कुणी सुचवला तर नको म्हणा.

बॉयलरवाला कराड

नवीन लायनरचं मी सांगतो. आधी प्लायवूडची ११.५ इंच व्यासाची चकती दोराला बांधून जुन्या धुराड्यात वरून खालपर्यंत सोडा. अडकली तर आत वळण किंवा सुटलेला दगड आहे आणि दहा इंची नळी गुंडाळीसकट उतरणार नाही.

उतरली तर लवचिकऐवजी जाड पत्र्याची सरळ नळी बनवून घ्या, २४ गेज जाडीच्या, ३१६ एल प्रतीच्या स्टेनलेसची. ३०४ आणि ३१६ मध्ये फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये ते दोन ते तीन टक्के असतं आणि क्लोराइडची भोकं त्यानेच रोखली जातात. चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका. २०२ चा हलका मालही चुंबकाला चिकटत नाही आणि ३०४ म्हणून खपतो. भंगारवाल्याकडे किंवा पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे थेंब टाकून बघायची किट असतात, समोर तपासून घ्या, आणि कारखान्याचं सर्टिफिकेट मागा.

चार फुटी सहा तुकडे, प्रत्येक जोडाला दोन इंच एकात एक. उभा सांधा आर्गनने. जोडाचं अरुंद टोक खाली, चुलाणाच्या दिशेने, म्हणजे वरून येणारं पाणी आणि डांबर नळीच्या आतच राहतं; उलटं केलं की प्रत्येक जोडातून बाहेर गळतं. प्रत्येक जोडाला तीन स्टेनलेस स्क्रू. ॲल्युमिनियमचे रिव्हेट नकोत, ६६० अंशांना वितळतात.

सगळं मिळून तीसेक किलो वजन होईल. ते वरच्या पट्टीला क्लॅम्पने टांगायचं आणि खालचं टोक डँपरवरच्या कॉलरमध्ये मोकळं ठेवायचं. २२ फुटांची स्टेनलेस नळी ३०० अंशांनी तापली की सव्वा इंचाहून जास्त लांब होते. दोन्ही टोकं आवळली तर ती फुगते किंवा वरची पट्टी उचलते. कॉलरमधली फट ग्लास फायबरच्या दोराने भरा.

नळीभोवती उष्णता धरून ठेवायला अर्धा इंची सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळा. नुसती नळी थंड दगडात लोंबली की धूर वर जाईपर्यंत निवतो, तुमचा डांबरी थर त्यातूनच आला. ब्लँकेट, दोर, फायर सिमेंट हे सगळं साखर कारखान्यांना बॉयलरचा माल पुरवणाऱ्या दुकानांत मिळेल, कराड-सांगलीकडे अशी दुकानं आहेत. पुण्याला धावायची गरज नाही. ब्लँकेट कापताना एन-९५ मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

धुराडेदुरुस्ती

टोपीबद्दल राहिलं. मच्छरदाणीची जाळी काढून टाका, ती काजळीने महिन्याभरात बुजते आणि धूर कोंडतो. अर्धा इंची भोकांची जाळी लावा. नळीचं तोंड आणि टोपी यांत निदान पाच इंच अंतर हवं, आणि टोपी नळीच्या बाहेर चारी बाजूंनी चार-पाच इंच आलेली, कारण आपल्याकडे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त. टोपी चार नटबोल्टांनी आवळा. तारेने बांधलेली टोपी पाचगणीत माकडं ठेवत नाहीत.

माळावरचे घर

लाकूड सिल्व्हर ओकचं वापरतो, बागेतल्या छाटणीचं. त्याचाही दोष असेल का?

बॉयलरवाला कराड

झाडाचा नाही, ओलीचा असेल. छाटलेलं त्याच हिवाळ्यात जाळत असाल तर कुठलंही लाकूड डांबरच देणार. फोडून, पत्र्याखाली, बाजूंनी वारा लागेल असं रचून एक पूर्ण उन्हाळा काढू द्या. ओल मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं; ओंडका मधोमध फोडून ताज्या अंगावर टोचा, २० टक्क्यांच्या खाली आकडा हवा. बाहेरच्या सालीवर टोचलं तर खोटा आकडा येतो. रंगवलेलं फर्निचर, प्लायवूड, दुधाच्या पिशव्या यांतलं काहीही त्यात टाकू नका.

नवीन नळी बसल्यावर पहिल्या जाळाला ३६ × १० इंचांचा पत्रा तोंडाच्या वरच्या कडेला धरा आणि इंच-इंच खाली आणा. धूर परतायचा थांबेल त्या रेषेवर खूण करा, कायमची पट्टी तिथे लावा. हे करताना खिडकी चार बोटं उघडी आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद.