केल्पी समुद्रातली नव्हे

"भरतीच्या वेळी वाळूवर येणारा घोडा म्हणजे केल्पी" असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. स्कॉटिश लोककथांत केल्पी, म्हणजे घोड्याचं रूप घेणारी पाण्यातली मायावी शक्ती, साधारणपणे नदी-ओढ्यांची, वाहत्या पाण्यातली. समुद्रात आणि सरोवरांत राहतो तो एख-उश्क्या. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत याचा अर्थ सरळ 'पाण्याचा घोडा'. हा फार क्रूर. पाठीवर बसलेला माणूस त्याच्या कातडीला चिकटतो, घोडा तसाच पाण्यात बुडी मारतो आणि मागाहून काठाला लागतं ते फक्त यकृत.

मी प्रेमकथा लिहिते, त्यामुळे माझा जीव अडकलाय तो त्याच्या दुसऱ्या रूपात, ज्याचा इथे कुणीच उल्लेख केला नाही. तो देखणा तरुण होऊन येतो, मुलीच्या मांडीवर डोकं टेकून झोपी जातो. ती त्याचे केस विंचरू लागते, तर त्यांत वाळू नि शेवाळ! भीती आणि माया एकाच क्षणी, तेही एवढ्याशा घरगुती गोष्टीतून. मला हा प्रसंग कुठल्याही शापित राजपुत्रापेक्षा मोठा वाटतो. काही कथांत ती ओरडतसुद्धा नाही. त्याच्या डोक्याखालचा आपल्या झग्याचा तुकडा हळूच कापते, तो तिथेच राहू देते आणि घराकडे धावत सुटते.