सालगडी, वेठबिगार की गिरमिट्या?

खडूडस्टर: अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या मळ्यांवरचा लेख मराठीत करतेय, 'इंडेंचर्ड सर्व्हंट' या एका शब्दापाशी गाडी अडलीय. १६०७ला तिथं इंग्रजांचं जेम्सटाऊन वसलं, पाचेक वर्षांत तंबाखू जमली, मग इंग्लंडातनं गरीब पोरं यायला लागली, बोटीचं भाडं मालकानं भरायचं आणि त्याबदल्यात पोरानं चार ते सात वर्षं त्याच्याकडे राबायचं, मजुरी नाही, खाणं-कपडे तेवढे. मी 'वेठबिगार' लिहिलं, संपादकांनी खोडून 'करारबद्ध सेवक' केलं. वाचून डोळ्यापुढे वेटर येतो!

बांधावरून: सालगडी म्हणा की. आजोबा पाडव्याला साल ठरवायचे, धान्य किती, धोतरजोडी, वहाणा, सगळं बोलून.

खडूडस्टर: पण सालगडी पुढच्या पाडव्याला दुसरं घर बघतो हो. इथं मालक उरलेली वर्षं परस्पर दुसऱ्याला विकायचा, आणि मुदत संपायच्या आत तापानं गेलेले कितीतरी.

पंतोजी: वेठ जबरदस्तीची असते, संस्कृत 'विष्टि'वरून. इथे करार आहे, सबब वेठ नव्हे. 'इंडेंचर' या इंग्रजी शब्दात दात आहेत, एकाच कागदावर करार दोनदा लिहून मधून नागमोडी कापायचा, तुकडे जुळले की अस्सल. म्हणून 'दंतुरपत्रित'.

बांधावरून: पंत, भूगोलातला दंतुर किनारा पुरे आम्हाला 😄 भाडं म्हणजे सरळ उचल आहे, ऊसतोडीला देतात तशी, अंगावर घेतली की फिटेपर्यंत सुटका नाही.

खडूडस्टर: बरोब्बर! पण मग माणसाला काय म्हणू? उचल्या म्हणजे भुरटा चोर.

रानपाखरू: गिरमिट्या! अ‍ॅग्रीमेंटचं गिरमिट.

पंतोजी: ते १८३४नंतर करारावर मॉरिशसला गेलेल्या भारतीय मजुरांचं. दोनशे वर्षं मागे कसं नेता?

रानपाखरू: शब्दाला व्हिसा लागतो का? आणि तुमच्या 'सबब'चं काय, तो मूळचा अरबीच ना?

खडूडस्टर: भांडू नका, अजून एक आहे. माणूस आणला की भाडं भरणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन मिळायची, त्याला 'डोईजमीन' चालेल? आणि १६१९ला आफ्रिकन आणले त्यांना सुरुवातीला काय म्हणायचं? आईची गुलामी पोराला लागणार हा कायदा १६६२चा, त्याआधी सरसकट 'गुलाम' लिहायला हात धजत नाही.

बांधावरून: डोईजमीन झकास. पण गिरमिट म्हणजे सुताराचं भोकं पाडायचं हत्यार ना?

रानपाखरू: आमच्या हुबळीकडे खातात. चुरमुऱ्याचं. वरनं कच्चा कांदा.

पंतोजी: कांदा परतून घालतात.

रानपाखरू: परततात तोही, पण वरनं कच्चाच!!