चिलरमध्ये गॅस टाकूनही बुडबुडे जात नाहीत, अजून टाकू का? (बुटीबोरी)

बुटीबोरी_मेंटेनन्स:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे मोल्डिंग मशीनसाठी आर-२२ गॅसवर चालणारा एअर-कूल्ड चिलर (पाणी थंड करणारं मशीन) आहे, स्लॅबवर उन्हातच ठेवलेला. पाणी १२ डिग्रीला पाहिजे पण दुपारी १८ च्या खाली येतच नाही, साइट ग्लासमध्ये (लाइनवरची आतला द्रव बघायची काच) बुडबुडे दिसून राहिले, सक्शन (कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचं प्रेशर) ४८ पीएसआय. मेकॅनिकने गॅस कमी आहे म्हणून सिलेंडर लावला, बुडबुडे तसेच आणि आता डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचं प्रेशर) ३४० च्या वर गेला की एचपी ट्रिप, म्हणजे हाय प्रेशरमुळे मशीन बंद. तो म्हणतो अजून थोडा टाकू. टाकू द्यायचा का?

गेज_मॅनिफोल्ड:
भाऊ, अजिबात नाही. गॅस काही डिझेलसारखा जळून संपत नाही, कमी झाला असेल तर कुठून तरी लीक आहे, आधी फ्लेअर नट, व्हॉल्व्हची टोकं, कॉम्प्रेसरचे जॉइंट बघा, तेलाचा ओला डाग असेल तिथे साबणाचं पाणी लावा. आणि नुसत्या बुडबुड्यांवरून चार्जिंग करायचं नसतं. क्लॅम्प थर्मामीटरने कंडेन्सरमधून (गरम गॅस थंड करून द्रव करणारी कॉइल) निघणारी लिक्विड लाइन मोजा, मग ड्रायरच्या (लाइनमधला ओलावा-कचरा धरणारा फिल्टर) आधी आणि नंतर.

बुटीबोरी_मेंटेनन्स:
सकाळी १० ला मोजलं, बाहेर ४० होतं. तेव्हाही डिस्चार्ज ३४०, लिक्विड लाइन ४७. ड्रायरच्या आधी ४७, नंतर ४२. तेलाचा डाग कुठेच नाही.

गेज_मॅनिफोल्ड:
मग सापडलंच. ३४० पीएसआयला आर-२२ साधारण ६० डिग्रीला कंडेन्स होतो, लाइन ४७ म्हणजे सबकूलिंग (द्रव झाल्यावर तो आणखी किती थंड झाला) १३, गॅस कमी नाही उलट कंडेन्सरमध्ये तुंबून बसलाय. ड्रायरमध्येच ५ डिग्री पडतात म्हणजे ड्रायर चोक, तिथेच लिक्विड फ्लॅश होऊन (प्रेशर पडल्याने वाफ होऊन) बुडबुडे येतात आणि इव्हॅपोरेटर (जिथे गॅस उकळून पाणी थंड करतो) उपाशी राहतो म्हणून सक्शन कमी. हे ४८ धोक्याचं आहे, ५८ च्या खाली गेलं की आर-२२ शून्याखाली उकळतो, पाण्यात ग्लायकॉल (गोठू न देणारं द्रव्य) नसेल तर पाणी गोठून ट्यूब फुटते. चिलर बंद ठेवा, गॅस हवेत न सोडता रिकव्हर करा, ड्रायर बदला, पंपाने आतली हवा-ओलावा काढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत ओढा आणि नेमप्लेटवर लिहिलेला गॅस काट्यावर तोलून भरा.

कळमना_कोल्डस्टोअर:
वरचं बरोबर आहे, फक्त कंडेन्सर पण बघा, इथली धूळ फिनमध्ये अशी बसते की बाहेरून दिसत पण नाही. आमच्याकडे अमोनिया आहे, तिथे रिसीव्हरची (द्रव साठवायची टाकी) लेव्हल बघून चालतं, पण फ्रीऑनच्या (आर-२२ सारख्या गॅसच्या) मशीनला सुपरहीट (उकळल्यावर गॅस आणखी किती तापला) आणि सबकूलिंग मोजल्याशिवाय इलाज नाही. मे मध्ये कंडेन्सरपुढे कूलरचे पॅड लावले की कोरड्या हवेत हेड प्रेशर (म्हणजे डिस्चार्जचं) मस्त उतरतं, पावसाळा लागला की काढून टाका. बोअरचं पाणी थेट फिनवर काहून मारतात लोक काय माहीत, क्षार बसून कॉइल कायमची जाते.

गेज_मॅनिफोल्ड:
हो, आणि ड्रायर बदलल्यावर प्रेशर टेस्ट नायट्रोजननेच करा, रेग्युलेटर लावून. कोणी ऑक्सिजनचा सिलेंडर आणला तर तिथेच थांबवा, आत तेल असतं, स्फोट होतो.